साडेसातची पैसेवारी

संध्याकाळची साडेसातची मालिका संपली, की अमरावतीच्या साईनगरात राहणारे निवृत्त तलाठी भगवंतराव चष्मा पुसून मोबाइल हातात घेत आणि त्या दिवशीच्या भागाची पैसेवारी लिहायला बसत. पैसेवारी म्हणजे पिकाचा अंदाज. उभं शेत पाहायचं, रुपयात किती पैसे पीक येणार ते वर कळवायचं, आणि आकडा पन्नासच्या आत गेला की दुष्काळ समजायचा. एकतीस वर्षं कपाशीची, तुरीची आणि सोयाबीनची पैसेवारी लिहिलेल्या माणसाकडे निवृत्तीनंतर पिकं उरली नाहीत, म्हणून त्यानं मालिका आणि सिनेमे धरले, एवढंच.

'पाहा आणि बोला' नावाचा त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यात नात्यातली माणसं, जुने सहकारी आणि शेंदूरजनाघाटच्या सूर्यभानसारखे संत्रा बागायतदार असे साठेक जण होते, आणि भगवंतरावांचा शब्द तिथं शेवटचा. झोपतानाही नथ न काढणाऱ्या सुनेला त्यांनी कधी चाळीसच्या वर चढू दिलं नाही. गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक गाणं सुरू व्हायच्या आधीच डोळे पुसतात, म्हणून तिला पस्तीस. दक्षिणेतल्या मारामारीच्या डब केलेल्या सिनेमांना ते साठपर्यंत देत, कारण त्यांत निदान शेत दाखवतात आणि शेतात खरोखर पीक असतं. आणि मालिकेतला वऱ्हाडी माणूस एकतर कोणाची तरी गाडी चालवतो नाहीतर लोकांना हसवतो, याचा त्यांना इतका राग, की अशा भागाला बारा पैसे देऊन ते खाली लिहीत, 'आमच्याकडची माणसं रडतातही.'

ग्रुपवर सगळे माना डोलवत. न डोलवणारा एकच, त्यांचा धाकटा भाऊ किशोर. तो बायको पौर्णिमासोबत अकोल्याला राहायचा. बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून उभी हयात गेल्यामुळे असेल, पण दुसऱ्यानं बरोबर म्हटलेल्या गोष्टीवरही एकदा हातोडी मारून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. सव्वाआठला त्याचा फोन यायचाच. "दादा, पंचेचाळीस पैसे काहून देले? त्या पोरीले रडता तरी येते का? कांदा कापल्यावानी करून राहिली ते!" मग अर्धा तास भांडण. या भांडणाशिवाय भगवंतरावांना जेवण गोड लागत नसे, आणि हे त्यांनी किशोरला कधी सांगितलं नव्हतं.

आता झालं असं, की एका मंगळवारी भगवंतराव मालिका सुरू होताच खुर्चीत झोपी गेले. दुपारी लग्नाचं जेवण झालं होतं, पुऱ्या जास्त झाल्या होत्या. जाग आली तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. ग्रुपवर तर लोक वाट पाहत होते. 'साहेब, आजचे किती?' असं सूर्यभानचं विचारूनही झालं होतं. झोप लागली हे कबूल करायला जिवावर आलं. तशी ही काही पहिलीच वेळ नव्हती. नोकरीत पाऊस लागला, नाल्याला पूर आला, की पलीकडच्या खेड्याची पैसेवारी चावडीत बसूनच लिहिली जायची. त्याला नजरअंदाज म्हणत, आणि नजर कुठं होती हे कोणी विचारत नसे. त्याच सवयीनं त्यांनी ठोकून दिलं, 'सासू हिरवं पातळ नेसून दारात उभी राहते आणि मोठ्या सुनेच्या थोबाडीत मारते, हे काही पटलं नाही. बेचाळीस पैसे.'

पाठवलं आणि लगेच वाटलं, खोडून टाकावं. आता सगळे हसणार! पण सूर्यभाननं लगेच लिहिलं, 'एकदम बरोबर, थापड नकली वाटली.' मग आणखी आठ-दहा जणांनी तेच म्हटलं. भगवंतरावांनी स्वयंपाकघरात डोकावून बायकोला विचारलं, "काय वो, सासूनं आज हिरवंच पातळ नेसलं होतं ना?"

"हो ना," सुंदराबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "काठ जांभळे होते."

सव्वाआठला फोन वाजला. "दादा, कुठली थापड? तुमी झोपले होते काय? मी अन् पौर्णिमा, दोघंई पाहून राहिलो होतो. सासू आज आलीच नाही."

भगवंतरावांनी उडवाउडवी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागला तेव्हा मात्र ते खुर्चीच्या कडेवर बसून डोळ्यांची पापणी न लववता पाहत राहिले. बाराव्या मिनिटाला सासू दारात आली. पातळ हिरवं, काठ जांभळे. थापड बसली, आणि खरंच नकली वाटली.

त्यांनी स्वतःच किशोरला फोन लावला. किशोरही बघत होता. त्यानं पडद्याजवळ जाऊन पातळाचे काठ नीट पाहिले. मग म्हणाला, "दादा, आज हाये. काल नव्हती. तुमी काही म्हणा, काल नव्हती."

भगवंतरावांना भीती वाटली, पण खोटं कशाला बोला, त्या भीतीत थोडी गंमतही होती. आठवडाभर त्यांनी मालिका पाहिलीच नाही. गच्चीवर फेऱ्या मारून यायचे आणि मनाला येईल ते लिहायचे. धाकट्या दिराची मिशी, दिवाणखान्यातला झोपाळा, वकिलाचं तोतरेपण. जे लिहिलं ते सगळ्यांनी पाहिलेलं असायचं. मग एका रविवारी दोघा भावांनी फोनवर ठरवून पारख केली. दुपारचा एक जुना सिनेमा किशोरनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायचा, भगवंतरावांनी टीव्ही बंद ठेवायचा. सिनेमा संपल्यावर त्यांनी लिहिलं, 'नायकाला भाऊ दाखवला नाही हे चांगलं केलं, भाऊ असला की गोष्ट लांबते. बासष्ट पैसे.' आणि ग्रुपवरच्या सगळ्यांना तो सिनेमा भावाशिवायच आठवत होता.

"होता!" किशोर फोनवर ओरडला. "तीन तास पाह्यला म्या त्याले! शेवटी गोळी खाऊन मरते तो. दादा, हे बंद करा. मले काही समजून नाही राहिलं, पण बंद करा."

भगवंतरावांनाही काही समजत नव्हतं. समजत एवढंच होतं, की आता खरं काय होतं ते सांगणारा जगात एकच माणूस आहे. सुंदराबाईंना किंवा पौर्णिमाला विचारून उपयोग नव्हता, त्यांनाही थापड आठवत होती, पुन्हा लागणाऱ्या भागाला विचारून नव्हता, आणि स्वतःचे डोळे तर त्यांनीच मिटून घेतले होते. किशोर 'नव्हतं' म्हणायचा, म्हणून नव्हतं. तो होता तोवर पायाखाली जमीन होती.

आणि नेमकं इथंच माशी शिंकली. ग्रुपवर लोक किशोरची टर उडवायला लागले. 'किशोरभाऊ, मोतीबिंदू झाला काय?' 'भाऊ, कोणता सिनेमा पाह्यला तुमी?' किशोरचं डोकं तापलं आणि त्यानं साठ जणांसमोर लिहून टाकलं, 'दादा न पाहता लिहितात. नोकरीतही हेच केलं. शेतात पाय न ठेवता पैसेवारी लिहिली, लोकांनी खरी मानली. विचारा त्याईले.'

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. भगवंतरावांच्या कानशिलांना आग लागली. सुंदराबाई जेवायला बोलवत होत्या, त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी लिहिलं, 'आमच्या घरच्या मालिकेत किशोर हे पात्र उगाच आडवं बोलतं. पुढच्या भागापासून ते मोठ्या भावाच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणतं, तेव्हा कुठं जरा पाहण्यासारखं होतं. सध्या तीस पैसे.'

लोक हसले. अंगठे आले, टाळ्या आल्या. दोन मिनिटांनी किशोरचं उत्तर आलं, 'बरोबर आहे दादा.'

त्या संध्याकाळी भगवंतराव पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला फोन आला नाही, म्हणून त्यांनीच केला. "काय रे, आजचे पन्नास ठीक आहेत ना?" "ठीक आहेत, दादा." "की कमी झाले?" "कमी झाले, दादा." आवाज किशोरचाच होता, गोड होता, रागाचा लवलेश नव्हता. भगवंतराव म्हणाले, "अरे, काल मी रागात लिहिलं. मनावर घेऊ नको." किशोर म्हणाला, "नाही घेत, दादा." फोन ठेवल्यावर त्यांना कसंसंच झालं.

चार दिवस त्यांनी हरतऱ्हेनं डिवचून पाहिलं. संत्र्याला आंबा म्हटलं, तरी हो. शेवटी ग्रुपवर लिहिलं, 'किशोर हे पात्र आता पूर्वीसारखंच आडवं बोलतं, ऐंशी पैसे,' आणि श्वास रोखून वाट पाहिली. उत्तर आलं, 'हो दादा. आडवंच बोलतो मी.'

मग मात्र त्यांचा धीर सुटला. सुंदराबाईंना "किशोरकडे जाऊन येतो" एवढंच सांगून त्यांनी सकाळची अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेरची कपाशी पाहत होते, आणि शेतामागून शेत गेलं तरी एकाचाही आकडा त्यांच्या मनात येईना.

जठारपेठेतल्या घराचं दार पौर्णिमानं उघडलं. किशोरची ही बायको एरवी दीर-नणंदांच्या गर्दीतही मोठ्यानं बोलणारी. आज भगवंतरावांनी चप्पल काढायच्या आतच तिनं हळू आवाजात सुरू केलं. "दादा, बरं झालं आले तुमी. हे आता भांडतच नाहीत. कोणी भाव वाढवला, हो. कोणी नंबर मोडून पुढं गेलं, हो. काल म्या वरणात मीठच टाकलं नाही, मुद्दाम. मस्त झालं म्हणे. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, मले भ्याव वाटून राहिलं."

किशोर आतल्या खोलीत बाजेवर बसला होता. भावाला पाहून तो उठला, वाकून पाया पडला, पुन्हा बसला. टीव्ही चालू होता, आवाज बंद होता.

भगवंतराव त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. येताना बसमध्ये त्यांनी एकच गोष्ट ठरवली होती. या घरात त्यांची आई शेवटची अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. किशोरनं तिचं सगळं केलं होतं. सकाळची पाळी मिळू नये म्हणून वरिष्ठांचे पाय धरले होते, तिचं अंग पुसलं होतं, तिला भरवलं होतं, आणि भगवंतराव दिवाळीला सफरचंदं घेऊन यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. या एका विषयावर दोघांत कधी शब्द निघाला नव्हता. निघाला असता तर नातं उरलं नसतं. तेव्हा बाकी कशाला हो म्हणेल, याला म्हणणार नाही. ओरडेल. थोबाडीत मारली तर सोन्याहून पिवळं, मार बाबा, मी गाल पुढं करतो.

"किशोर," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच शब्दांची त्यांना शिसारी आली, "आई काही तुह्याजवळ राह्यली नाही. अकरा वर्षं मी सांभाळलं तिले, अमरावतीले. तू नुसता दिवाळीले येत होता."

स्वयंपाकघराच्या दारात पौर्णिमा चहाचा ट्रे घेऊन थबकली. किशोरच्या कपाळावरची शीर फुगली. ओठ उघडले. भगवंतरावांचे डोळे आनंदानं भरून आले. बोल, बोल, असं ते मनातल्या मनात विनवत होते.

मग शीर हळूहळू उतरली.

"हो दादा," किशोर म्हणाला. "तुमीच सांभाळलं."

"नाही रे," भगवंतरावांचा आवाज फाटला. "मी खोटं बोललो. तू सांभाळलं."

"हो दादा, खोटं बोलले तुमी," किशोर तितक्याच गोडीनं म्हणाला. पण आता त्याच्या चेहऱ्यावर कसलासा गोंधळ पसरत होता. तो आपल्या हातांकडे पाहू लागला, पालथे करून, उताणे करून. हिशोब जुळत नसल्यासारखा तो दोनदा काहीतरी पुटपुटला आणि त्यानं मान वर केली.

"पण मंग दादा, ते अकरा वर्षं मी कुठं होतो?"

त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. बस किती वाजता येते विचारावं तसं त्यानं विचारलं होतं, आणि दादा सांगतील तिथं तो होता असं मानायला तो तयार होता. भगवंतरावांनी तोंड उघडलं आणि भीतीनं मिटून घेतलं. यापुढे आपल्या तोंडून निघणारा कोणताही शब्द या माणसाला चालणार होता.

पौर्णिमानं ट्रे खाली ठेवला. पदराला हात पुसत ती आली, किशोरशेजारी बाजेवर टेकली, आणि त्याच्यासारखीच शांतपणे भगवंतरावांच्या तोंडाकडे पाहू लागली.

"आन् मी, दादा?" तिनं विचारलं.