न वाचताच आवडलेली

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझे डोके तापले आहे. जुन्या पुस्तकाने हळव्या आवाजात बोलावे, अशी तुमची अपेक्षा असेल. ते मला जमायचे नाही. आधी माझे ऐका, मग तुम्हीच सांगा, मी चिडू नको तर काय करू.

माझा जन्म छापखान्यात झाला. तिथे एका मोठ्या कागदावर सोळा पाने एकदम छापतात. त्या कागदाच्या घड्या घातल्या की त्याला फॉर्मा म्हणतात, आणि असे फॉर्मे ओळीने रचून पुस्तक शिवतात. माझ्या वेळी मुकादम सगळ्यांच्या मानगुटीवर बसला होता. 'माल आजच गेला पाहिजे' हे त्याचे एकच पालुपद. त्या घाईत रचणाऱ्या बाईंनी सातवा फॉर्मा दोनदा उचलला आणि आठवा राहूनच गेला. वर गुळगुळीत वेष्टन चढल्यावर कोणाला काय कळणार? मी थेट दुकानात जाऊन बसले.

माझी गोष्ट दोन बहिणींची आहे. आजारी आईचे कोणी किती केले, यावरून त्यांचे बोलणे तुटते. बऱ्याच वर्षांनी थोरली धाकटीच्या घरी येते. एकशे बाराव्या पानावर धाकटी दार उघडते. त्यानंतर माझ्यात तीच जुनी सोळा पाने पुन्हा येतात आणि मग एकदम एकशे एकोणतिसावे पान. तिथे थोरली परतीच्या गाडीत बसलेली आहे आणि तिच्या मांडीवर आईची शाल आहे. ती शाल तिला कशी मिळाली, दारात दोघी काय बोलल्या, हे मलाही ठाऊक नव्हते. माझीच गोष्ट, आणि मलाच अर्धवट.

मला एका वकीलबाईंनी विकत घेतले. त्या वर्षी जिकडेतिकडे माझेच नाव होते. त्यांनी मोठ्या हौसेने मला उघडले, नवव्या पानावर खूण घातली आणि बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात उभे केले. आल्यागेल्याला त्या विचारत, "ही नाही वाचलीस? मग वाचलंस तरी काय आजवर?" मित्रांनो, नवव्या पानावर माझी धाकटी जन्मालाही आलेली नव्हती.

मग त्यांची एक मैत्रीण मला घेऊन गेली. ती बँकेत कामाला होती. तिच्या घरी वाऱ्याने खिडकी आपटत असे, म्हणून तिने मला फटीत खोचले. उन्हाने माझी पाठ विटली, पावसाच्या शिंतोड्यांनी कडा फुगल्या. पुष्कळ दिवसांनी तिने मला पुसून परत नेऊन दिले.

"काय शेवट आहे ग," ती म्हणाली. "मी तर रडले."

"मला दोन दिवस जेवण गेलं नाही," वकीलबाई म्हणाल्या.

त्या वेळी माझे एक टोक एकीच्या हातात होते आणि दुसरे दुसरीच्या. मला तोंड असते, तर तिथल्या तिथे दोघींची खरडपट्टी काढली असती.

या दोघींची शाळेच्या बाकापासूनची तिसरी मैत्रीण दातांची डॉक्टर होती. दवाखान्याच्या जिन्यावरून ती घसरली आणि तिचा घोटा मोडला. हाडात पट्टी बसवली, पाय प्लास्टरमध्ये गेला. तिचे काम दिवसभर उभ्याने करायचे, आणि पूर्वीसारखे उभे राहता येईल की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगेना. तिने दोघींना फोन केला. "छताकडे बघून बघून वेड लागायची पाळी आलीय. पुढं काय वाचू, सांगा ग." दोघींनी माझेच नाव घेतले आणि वकीलबाईंनी मला तिच्याकडे पाठवून दिले.

तिने मला खरोखर वाचले. पहिल्या पानापासून, एकही ओळ न गाळता. मध्येच थांबून ती खिडकीबाहेर बघायची, मग पुन्हा तीच ओळ वाचायची. इतक्या वर्षांत मला असे कोणी हातात धरले नव्हते. एकशे बारावे पान उलटले आणि ती गोंधळली. आपल्याला डुलकी लागली असावी, असे तिला वाटले. मग तिने पानांचे आकडे पाहिले.

तिने वकीलबाईंना फोन लावला. "दार उघडल्यावर धाकटी काय म्हणते ग? तुझ्या या पुस्तकात ती पानंच नाहीत."

"धाकटी? माफी मागते की."

मग तिने बँकवालीला विचारले. ती म्हणाली, "चांगली कडाडून भांडते."

रविवारी दोघी तिला बघायला आल्या. तिने मला उघडून पांघरुणावर ठेवले.

"ही पानं या पुस्तकात कधीच नव्हती," ती म्हणाली. "दोघींनी हेच पुस्तक वाचलं ना?"

बँकवाली माझी पाने मागेपुढे चाळू लागली.

"दुकानदाराला विचारलं असतं, तर त्यानंही हेच नाव सांगितलं असतं. मी तुम्हाला विचारलं, कारण तुम्ही मला ओळखता. मी इथं घाबरून पडलेय. मला सोबत हवी होती."

"सोळा पानांसाठी एवढं बोलतेस?" वकीलबाई म्हणाल्या, पर्स उचलली आणि निघून गेल्या.

बँकवाली मात्र बसून राहिली. "मला पाच पानांत झोप येते ग," ती म्हणाली. "सगळ्यांनी वाचलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मी खरं वाचते त्या चोरांच्या गोष्टी. फुटपाथवर मिळतात त्या."

"मग त्या आण की."

तिने पिशवी भरून आणल्या. डॉक्टरीण पोट धरून हसली, आणि मी उशाशी पडून जळफळत राहिले.

वकीलबाईंचा फोन पुढे बरेच दिवस आला नाही. डॉक्टरीण कुबड्या घेऊन चालायला लागली, तेव्हा एका दुपारी त्या आल्या. त्यांच्या हातात वाचनालयातली माझीच दुसरी प्रत होती.

"वाचली," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला नाही आवडली. फार रडकी आहे. पण ती पानं चांगली आहेत. ऐकतेस?"

त्यांनी ती सोळा पाने मोठ्याने वाचली. धाकटी माफी मागत नाही आणि भांडतही नाही. थोरलीला आत घेते, पाणी देते आणि समोर बसून आईची शाल उसवलेल्या कडेशी शिवायला लागते. थोरली सुईत दोरा ओवून देते. पाने संपतात, तरी दोघी बोललेल्या नसतात.

वाचून झाल्यावर डॉक्टरिणीने डोळे पुसले. "मला आवडली," ती म्हणाली.

"असू दे. आवडनिवड ज्याची त्याची," वकीलबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

'रडकी' हा शब्द माझ्या जिव्हारी लागला, खोटे कशाला सांगू. पण तो मला वाचून काढलेला शब्द होता. काचेच्या कपाटातले ते सगळे कौतुक मी त्यावरून ओवाळून टाकले.

मित्रांनो, आम्हाला खिडकीत खोचू नका, भिजवू नका, हे तर खरेच. पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. पुढे काय वाचू, असे तुमच्या सोबत्याने विचारले, तर आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघा. मग जे खरेच वाचले असेल, तेच सांगा. चोरांची गोष्ट असली तरी चालेल. मला वाचलेले नसेल, तर 'नाही वाचली' म्हणा. मी दुखावणार नाही. मात्र न वाचता माझ्यासाठी रडलात, तर माझ्यासारखी वाईट कोणी नाही.