आईनं रेडिओ मोठा केला

रविवारी दुपारी धाकटी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर वही, वहीवर मनगटावरून काढून ठेवलेलं घड्याळ. सरकारी विद्यापीठात ती मानव विकास आणि कुटुंब अभ्यास हा विषय शिकत होती. दुसऱ्या वर्षाला एक गृहपाठ असतो: घरातलं लहान मूल तासभर पाहायचं आणि टिपून ठेवायचं. विभागातल्या बाईंनी बजावलं होतं, "दिसलं ते लिहा. वाटलं ते नको."

मूल शोधायला लांब जावं लागलं नाही. भावाची मुलगी चिमणी, वय साडेचार, ओट्याखाली उशी घेऊन खेळत होती.

"आत्या, काय लिहितेस?"

"तू काय खेळतेस ते."

"मग लिही. ही उशी बायको आहे. ही मुळीच ऐकत नाही." चिमणीनं उशीला एक ठेवून दिली. "तोंड वर करून बोलतेस?" मग तीच उशी तिनं उराशी धरली, थोपटली आणि बारीक आवाजात म्हणाली, "काही नाही गं, पडले मी."

धाकटीनं जसंच्या तसं उतरवलं.

एक वाजून दहा मिनिटांनी भाऊ जेवायला आला. भाऊ गॅरेजवाला, हाताला वंगण आणि नाकावर राग. पहिल्याच घासाला त्याचा हात थांबला.

"मीठ कुठाय?"

"राहिलं वाटतं. देते हं," वहिनी म्हणाली.

"राहिलं? दिवसभर घरात बसून करतेस काय?"

ताट भिंतीवर गेलं. पाठोपाठ त्यानं वहिनीचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. बाहेरच्या खोलीत आई भाजी निवडत होती. ती उठली, तिनं खिडकी लावली आणि रेडिओ मोठा केला. या घरात ही रीतच होती. वडील होते तेव्हा मार आईला पडायचा आणि रेडिओ आजी मोठा करायची.

चिमणी कानांत बोटं घालून भिंतीशी सरकली आणि एक ते दहा म्हणू लागली. दहा झाले की पुन्हा एक. धाकटीनं तेही लिहिलं, वेळेसकट.

सोमवारी बाईंनी वही वाचली. पान उलटायचा त्यांचा हात मध्येच थांबला.

"तेव्हा तू कुठे होतीस?"

"खुर्चीवर."

"आणि?"

"लिहीत होते, बाई. दिसलं ते लिहा म्हणाला होतात."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझंच चुकलं. लेखणी खाली कधी ठेवायची, हे शिकवायचं राहिलं. पोलिसांत सांगशील?"

"सख्खा भाऊ आहे, बाई. त्याच्या जिवावर तर शिकतेय."

महिला मदत केंद्राचा नंबर लिहिलेली चिठ्ठी तेवढी बाईंनी तिच्या हातात दिली.

घरी आल्यावर धाकटीनं आईला गाठलं. "आई, दादाला तू थांबवत का नाहीस?"

"घरोघरी मातीच्या चुली. चार बुकं शिकलीस म्हणून मला शहाणपण शिकवू नकोस. मी नाही सोसलं?"

"सोसलंस, म्हणूनच विचारतेय."

आईनं पाठ फिरवली. तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकत नसे. ते कशानं मोडलं, हे धाकटीनं लहानपणी पाहिलं होतं.

गुरुवारी भाऊ भरदुपारीच परत आला. वहिनीनं माहेरी फोन केल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"घरातलं बाहेर नेतेस?" त्यानं पट्टा काढला. बक्कल वहिनीच्या कानशिलावर बसलं. ती खाली पडली, तर तो बरगड्यांत लाथा घालू लागला. तिच्या तोंडून आवाजही फुटेना. चिमणी आज मोजत बसली नाही. ती धावत आली आणि बापाच्या पायाला गच्च बिलगली. त्यानं पाय झटकला. पोर दाराच्या चौकटीवर जाऊन आदळली आणि तिचं कपाळ फुटलं.

बाहेर रेडिओ मोठा झाला.

धाकटीनं जाऊन रेडिओची वायर उपटली. मग ती आत आली आणि वहिनीच्या अंगावर आडवी झाली. "दादा, बास!"

ठोसा तिच्या तोंडावर बसला. ओठ फाटला, एक दात जिभेवर आला. तो थुंकून ती उठली आणि तिनं घराचं दार सताड उघडलं.

"माझा भाऊ बायकोला मारून टाकतोय! या कुणीतरी!"

मजल्यावर आणखी सात दारं होती. एक फटीएवढं उघडलं आणि लागलं.

"दार लाव," भाऊ म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

"नाही लावणार."

रक्तानं निसरड्या झालेल्या बोटांनी तिनं चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. भाऊ जिना उतरून पळाला. संध्याकाळच्या आत तो पोलिसांना गॅरेजमध्ये सापडला.

इस्पितळात वहिनीच्या तीन बरगड्या मोडलेल्या निघाल्या. चिमणीला सहा टाके पडले. हवालदारीणबाई वही उघडून खाटेशी उभ्या राहिल्या. "कसं लागलं?"

"जिन्यावरून पडली हो," आई घाईनं म्हणाली.

"माझ्या भावानं मारलं," धाकटी म्हणाली. "सहा वर्षं मारतोय. मी बघत होते."

"मग आधी का नाही आलात?"

धाकटीची मान खाली गेली. तेवढ्यात वहिनीनं डोळे उघडले. "ताई खरं सांगताहेत," ती पुटपुटली, आणि सही करायला तिनं स्वतःच हात पुढे केला. आई उठून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू थर्मासमधून चहा घेऊन आल्या. त्यांनी चिमणीच्या केसांवरून हात फिरवला, डोळे पुसले. "आम्हाला सगळं ऐकू यायचं गं. जीव नुसता तुटायचा."

"मग साक्षीला याल, काकू?"

काकूंनी थर्मासचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "ह्यांना विचारून सांगते."

त्या संध्याकाळी, टाके घातलेल्या ओठानिशी, धाकटीनं मजल्यावरचं पहिलं दार ठोठावलं. आतून रेडिओचा आवाज येत होता. कुणी उघडेना, तशी ती पुन्हा ठोठावू लागली.