जस्तावरची विहीर

मी बोलतोय, जस्ताचा पत्रा. वहीच्या पानाएवढा. मुंबईच्या कलाशाळेत शिकणाऱ्या देवजीने मला विकत घेतलं आणि सुट्टीत मुरबाडजवळच्या आपल्या गावी आणलं.

१९५८चा उन्हाळा होता. गावच्या विहिरीपासून दूर, अस्पृश्य मानलेल्या वाडीवरच्या बायका हंडे घेऊन बसून राहत. विहिरीला हात लावायची त्यांना बंदी. कुणी वरून ओतेल तेव्हाच हंडा भरायचा. देवजीची आई गीताबाई कधीमधी ओतायची; तोंड फिरवून, हात उंच धरून.

देवजीने माझ्यावर मेणाचा थर दिला, सुईने तेच दृश्य कोरलं आणि मला तेजाबात बुडवलं. मेण खरवडलं होतं तिथे तेजाब मला खाऊ लागलं. फार झोंबलं! तिन्हीसांजेच्या काळोखासाठी त्याने राळेची पूड भुरभुरली नि पुन्हा बुडवलं. मुंबईला माझ्यात शाई भरून, ओल्या कागदासकट मला रुळाखाली दाबलं, तेव्हा कागदावर सांज उतरली. तिच्यात ताटकळलेल्या बायका आणि एक पाठमोरी बाई.

पौषात जवळच्या म्हसा गावच्या जत्रेत देवजीने माझे छाप सुतळीवर टांगले. घोंगड्या घ्यायला आलेली माणसं थबकत. गीताबाईही थबकली.

"देवज्या, आयेला जगापुढं मांडलंस?"

"आये, तोंड कुठं काढलंय? पाठच हाय."

"पाठच वळखली मी."

ती निघून गेली.

मग एकदा विहिरीवर वाडीवरची हौसा उठून उभी राहिली. "गीताबाय, वरून नको वतू. पोहरा माज्या हातात दे."

गीताबाईने दोर ओढून पोहरा वर घेतला. मग या वेळी तोंड न फिरवता तिने तो पुढे केला. गावातल्या बाकीच्या बायका कळश्या उचलून चालत्या झाल्या. पुढच्या संक्रांतीला गीताबाईला कुणी वाण दिलं नाही. तिने पोहरा देणं थांबवलं नाही. हळूहळू एकेक बाई परतली. दोन-तीन घरं अजून वेगळी वेळ साधून येतात, पण रांग आता एकच आहे.

छापून छापून माझ्या रेघा झिजल्या. सुट्टीत गावी आलेला देवजी मला फडक्यात गुंडाळून ठेवणार, तेवढ्यात हौसा दारात आली. "आमाला कायम बसलेलंच ठेवनार काय रं? पानी वढताना काढ!"

देवजी हसला आणि त्याने मला पालथं केलं. माझी मागची बाजू कोरी होती.

सध्या सुई चालू आहे. हौसाचे दंड उमटताहेत, ताणलेला दोर उमटतोय. वाचकहो, हे चित्र कुठे टांगलेलं दिसलं तर घाईने पुढे जाऊ नका. जरा थांबा. तिला पाणी वर काढू द्या.