शिशाच्या एप्रनखाली

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे आणि मला माझीच भीती वाटते. माझ्या दोन अँटेनांतून सतत काहीतरी बाहेर पडत असतं. ते मला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि थांबवताही येत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तोंडाला फडकं बांधलेल्या एका बाईने माझ्या पाठीत चार बारीक स्क्रू पिळले आणि मला खोक्यात घातलं. तिथून मी एका तळमजल्यावरच्या घरी आलो. भिंती जाड, त्यामुळे फोनला रेंज नावालाही नाही. घरातला प्रत्येक फोन माझ्यामार्फतच लागे. सुरुवातीला माझं कोण कौतुक! मी बंद पडलो की पाणी गेल्यासारखी बोंब व्हायची. पुढे माझी सवय झाली आणि पलंगाच्या उशाशी, फळीवर, मी धूळ खात पडलो.

त्याच पलंगावर एकदा घरातली सून दोन दिवस रडत होती. तिसऱ्या महिन्यात तिचं बाळ गेलं होतं. मी वर नुसता लुकलुकत राहिलो.

दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस राहिले. आठवा महिना लागला आणि तिच्या मोठ्या जावेने एक मजकूर पाठवला : वायरलेसच्या लहरींनी पोटातल्या बाळाला धोका! तो मजकूरही माझ्यातूनच आला. सुनेने तो दोनदा वाचला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझं धाबं दणाणलं. मागचं बाळ माझ्यामुळे तर गेलं नसेल? विचारणार कोणाला?

सासूबाईंनी एका दवाखान्याच्या एक्स-रे विभागात बत्तीस वर्षं काढली होती. किरण म्हटले की त्यांना एकच उपाय ठाऊक. जुन्या मैत्रिणीकडून त्यांनी टाकाऊ शिशाचा एप्रन मागून आणला. सकाळी नऊ वाजता मला फळीवरून उतरवून स्टुलावर ठेवलं आणि त्यात घट्ट गुंडाळलं.

“आई, फोन लागेल ना पण?” सुनेने विचारलं.

“न लागायला काय झालं? फोन येतो वायरीतून, आणि वायर मोकळी आहे. हा बाहेर किरण फेकतो तेवढे अडवायचे. आख्खा जन्म त्यात गेलाय माझा, मला नको शिकवूस.”

एवढं बोलून त्या बाजारात गेल्या. आत मिट्ट काळोख होता, अंग तापत होतं, पण खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आता माझ्या हातून कोणाचं वाईट होणार नव्हतं.

साडेअकराच्या सुमारास सुनेचा आवाज आला. “हल ना रे राजा. सकाळपासून गप्प का आहेस?” ती थंड पाणी प्यायली, डाव्या कुशीवर पडून राहिली. बराच वेळ गेला. मग तिने दवाखान्याला फोन लावला. लागेना. नवऱ्याला लावला, सासूबाईंना लावला. एकही लागेना.

ती स्टुलापाशी आली. फोन का लागत नाही ते तिच्या लक्षात आलं होतं. पण तिचा हात एप्रनवर येऊन थांबला. मला उघडावं तर बाळाला धोका, न उघडावं तर मदत नाही. ‘उघड मला’ म्हणायचीही मला भीती वाटत होती.

तिने डोळे मिटून एप्रन ओढला.

“ताई, बाळ हलत नाहीये,” ती फोनवर म्हणाली.

“हालचाली मोजत बसू नका. आहात तशा निघा,” नर्स म्हणाली.

पुढचा फोन सासूबाईंना गेला. त्या धापा टाकत आल्या, भाजीची पिशवी दारातच टाकून सुनेला घेऊन गेल्या. रिकाम्या घरात मी एकटा उरलो. त्या पाच तासांत वाटली तशी भीती मी कधीच अनुभवली नाही.

संध्याकाळी दोघी परतल्या. सासूबाईंनी मुलाला फोन लावला आणि त्यांचा शब्दन् शब्द माझ्यातून गेला. “ठोके चांगले आहेत रे! वेळेवर आणलंत म्हणाल्या डॉक्टरीणबाई. आणि मला काय म्हणाल्या, आजी, एक्स-रे वेगळा आणि हे वेगळं. घरातल्या या डब्याने बाळाला इजा होते असं अजून तरी सिद्ध झालेलं नाही, अभ्यास चालू आहेत. धाकधूक वाटत असेल तर लांब ठेवा, गुंडाळता कशाला? माझंच चुकलं रे.” आणि त्या ढसाढसा रडल्या.

आता मी बाहेरच्या खोलीत असतो. बाळ झालं, त्याचं रडणं इथवर ऐकू येतं. तरी माझी भीती पुरती गेलेली नाही. मी निर्दोष आहे हे सांगणारा मी कोण? ते अभ्यास करणाऱ्यांनीच सांगावं. मित्रांनो, माझी शंका आली तर जाणत्यांना विचारा. मला लांब ठेवा, खुशाल बंद करा, मी रागावणार नाही. पण पोटातलं बाळ गप्प झालं, तर आधी मदतीला फोन करा. मला बंद करायचं ते त्यानंतर.