ओटीतली काच

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली वेचणीच राह्यली नाही. मंग माही सासू तुळसाबाई पुसदले शब्बीरभाईच्या भंगार दुकानात फोनची जुनी फायबर केबल सोलाले जाऊ लागली. वरचं प्लास्टिक ते वितळवून दाणे करणाऱ्याले जाय, आतली काच भट्टीले. "काच डब्यात टाका, बाई," शब्बीरभाई ओरडत. पण जन्मभर कापूस वेचलेली बाई! केसासारखे ते काचेचे तुकडे सवयीनं लुगड्याच्या ओटीतच टाके.

संध्याकाळी घरी येऊन तिनं त्याच ओटीत माह्या उर्वशीले घेतलं. पोरगी किंचाळली. तिच्या अंगातली कुसं काढता काढता मी भडकली, "हात नका लावू माह्या पोरीले!"

आता सासू रोज लुगडं धुते, झटकते, मांडी पसरून नातीले बोलावते. उर्वशी दारातूनच पाह्यते.