लिंडनच्या ढोलीत

शिडीच्या अकराव्या पायरीवरून बोग्नाने लिंडनच्या झाडाच्या ढोलीत हात घातला आणि पहिल्याच मुठीत एक अळी आली.

"पाठीवर चालतेय ना?" खाली शिडी धरून उभ्या असलेल्या विन्सेंटी सरांनी विचारलं.

अळी अजून तिच्या मुठीतच होती.

सोनभुंग्याची अळी सपाट जागी ठेवली की उताणी होऊन पाठीवर सरपटते. गंधभुंग्याची मुटकुळं करून पडून राहते. सोनभुंग्याचं काय, तो खताच्या ढिगातही सुखाने संसार थाटतो. गंधभुंगा मात्र पक्का घरकोंबडा. म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत जन्मतो आणि बहुधा तिथेच मरतो, म्हणून त्याच्या झाडाला कायदा हात लावू देत नाही. तो सापडला तर गावच्या रस्त्याकडेची दीडशे लिंडनं वाचणार होती. नाहीतर रस्ता रुंद करायला सोमवारी करवती येणार होत्या. तपासणीच्या कागदावर सही बोग्नाची लागणार होती. याच झाडांखालून बोग्ना शाळेत गेली होती.

तिने मूठ उघडली. अळीला अंड्याचं कवच चिकटलं होतं. सोबत कॉफीचा चोथा आणि बीटाची सालं. झाडं कधीपासून न्याहारी करायला लागली? सरांच्या बागेतला खताचा ढीग तिने कितीदा उपसला होता, तिला ओळखायला वेळ लागला नाही. रस्त्याचा ठेका सरांच्या जावयाकडे आहे, हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी अठरा वर्षं ज्यांच्या मागून ती रानं हिंडली, ते ढोलीत आपलं खत भरून तिला फसवतील हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त त्यांची लाज वाटली.

तिने हात पुन्हा आत घातला, पार खांद्यापर्यंत. ओल्या खताखाली लाकडाचा कोरडा भुसा लागला. पिकल्या जर्दाळूसारखा वास नाकात शिरला. बोटांना काहीतरी गार, गुबगुबीत लागलं.

खाली उतरून तिने दोन्ही अळ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या. एक उलटली आणि पाठीवर सरपटत निघाली. दुसरी मुटकुळं करून पडून राहिली. सर पहिलीकडेच बघत होते.

"एवढ्या खोल हात घालायला तुला कोणी सांगितलं?" ते म्हणाले.

"तुम्हीच, सर," बोग्ना म्हणाली. "वरवर बघून कागदावर सही करायची नाही, म्हणालात."