चौथा म्हणून नेलेला दगड

आमच्या घरातून एका वेळी चारच जण बाहेर पडू शकतात. पाचव्याने उंबऱ्याबाहेर पाय टाकला, की तो पाय थेट स्वयंपाकघरात पडतो, मिक्सरच्या शेजारी. याचं कुणाला काही वाटत नाही, कारण आम्ही आहोतच चौघं: गणपतमामा, अक्का, अक्काचे यजमान म्हणजे आमचे दाजी, आणि मी.

प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा आहे. दाजींचा बेचाळीस. त्यांनी आजवर चौदा लग्नं जमवली आणि दर लग्नामागे त्यांचा आकडा तीनने वाढला. नवरा कोण होता, पुढे सुखी झाला की नाही, याच्याशी आकड्याला काही देणंघेणं नसतं. हे मी वेळीच ओळखायला हवं होतं. माझं वय एकोणचाळीस आणि आकडा सहा.

कल्याणीचं स्थळ दाजींनीच आणलं. ती शेजारच्या गावात पोस्टात काउंटरवर बसते. मी तिला दोनदा पाहिलं होतं, एकदा तिकिटं हवी होती म्हणून आणि एकदा नको असताना. मला ती आवडली होती. मी कुणाला बोललो नव्हतो, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही पहिल्या रविवारी अक्का म्हणाली, "मुरली, तू थांब. आधी आम्ही तिघं जाऊन येतो."

"तिघं?" मामा म्हणाला. "तीन तिगाडा, काम बिगाडा."

अक्काने कुंडीतला एक दगड उचलला, पदराला पुसला आणि पर्समध्ये टाकला. तिघं कामाला निघाले तर चौथा म्हणून दगड घ्यायचा आणि काम झालं की वाटेत टाकून द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

मामाचा चष्मा राहिला होता. तो द्यायला मी मागोमाग धावलो, उंबरा ओलांडला आणि मिक्सरच्या शेजारी उभा राहिलो. म्हणजे दगड माणसांत मोजला गेला होता.

संध्याकाळी परत आले तेव्हा अक्काने दगड टेबलावर ठेवला. त्याच्यावर आकडा होता, दोन.

"टाकला नाहीत?" मी विचारलं.

"चांगल्या पायगुणाचा निघाला रे. त्यांचं दार उघडेना. पायरीवरची एक फरशी जरा वर आलेली होती. तिच्यावर हा ठेवला, फरशी खाली गेली आणि दार उघडलं."

"फरशीवर मीसुद्धा उभा राहिलो असतो."

"पण तू नव्हतास ना तिथं," दाजी म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.

मुलीच्या वडिलांनी अट घातली होती, की बोलणी करण्याआधी गोदामातले सात उंदीर मारून द्या. मुलीचा बाप एवढं सांगणारच. पुढच्या रविवारी मी सकाळीच अंघोळ करून, काठी घेऊन तयार झालो.

"या वेळी मी येतो. दगड घरी राहू दे."

"मुरली, तू सहाचा," दाजी म्हणाले. "तिथले उंदीरच आठाचे आहेत."

ते गेले. त्या दिवशी मला स्वयंपाकघरात जाता येईना. बाहेरच्या खोलीपुरतंच घर माझं उरलं होतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते खोटं नाही. दुपारी एक अनोळखी बाई आत आली, तिने न विचारता कपाट उघडलं आणि माझा नवा कोट काढून घेतला. मी ओरडायला तोंड उघडलं, "ठेवा तो!" पण बाहेर आलं ते असं: "घरातले बाहेर गेलेत. पाणी देऊ?" बाईने ऐकून घेतलं आणि कोट घेऊन गेली.

तिघं परतल्यावर माझी वाचाही परत आली. कोटाचं सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. सगळे दगडाकडे बघत होते. त्याचा आकडा एकोणीस झाला होता.

"पाच उंदीर एकट्यानं मारले," मामा कौतुकाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी तो दगड परसातल्या विहिरीत टाकला. बुडाल्याचा आवाज नीट ऐकला आणि मगच आत आलो. दगड अक्काच्या पर्समध्ये होता, कोरडा.

"कामाची वस्तू टाकता येत नाही," अक्का पर्स बंद करत म्हणाली. तिला कसं कळलं, हे मी विचारलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचीच मला भीती वाटायला लागली होती.

तिसऱ्या रविवारी चार वाजता सुपारी फुटायची होती. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग कुणाला माघार घेता येत नाही. अक्का दगडाला माझी टोपी घालत होती.

"मुलीला पसंत आहे?" मी विचारलं.

"आहे की."

"काय पसंत आहे?"

"स्थळ."

"अक्का, निदान आज तरी मला ने."

"आणि सुपारी कशानं फोडायची? त्याला दगड लागतोच."

दाजींच्या डोक्यावरचा बेचाळीस आत्ताच हलायला लागला होता. मी त्यांच्याकडे रोखून बघितलं, तर त्यांनी रुमालाने आकडा पुसल्यासारखं केलं. मग ते तिघं निघाले, टोपी पर्समधून बाहेर डोकावत होती, आणि माझ्याकडे दाराजवळच्या चार फरश्या उरल्या.

चारला दहा मिनिटं असताना फाटकाशी स्कूटी थांबली. कल्याणी एकटीच आली होती, साडीत, गजरा माळून.

"मुरलीधर इथंच राहतात ना?"

"घरातले बाहेर गेलेत. पाणी देऊ?"

"ते आलेत तिकडे, मांडवात. बोलत काहीच नाहीत. सगळे म्हणतात, स्वभाव शांत आहे. म्हटलं, घर तरी बघून यावं." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही पोस्टात येता ना?"

हो. हो. तुमच्यासाठीच. "घरातले बाहेर गेलेत. पाणी देऊ?"

तिने पर्समधून मोबाइल काढला. "हे बघा, सुपारी मोठी माणसं फोडतात, मी नसले तरी अडत नाही. पण मी फोन केला तर बाबा थांबतील. मुरलीधर तुम्हीच आहात का?"

मला रडू आलं होतं, पण रडणं माझ्या वाक्यात नव्हतं. मी जिवाच्या आकांताने फक्त 'मी' म्हणायला गेलो.

"घरातले बाहेर गेलेत. पाणी देऊ?"

तिने घड्याळ पाहिलं. चारला सहा मिनिटं होती. तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला नाही, नंबरही लावला नाही. ती उंबऱ्यावर टेकली.

"द्या," ती म्हणाली.

माठ स्वयंपाकघरात होता. माझ्या चार फरश्यांपुढची पाचवी फरशी पायासमोर होती. कल्याणीने मोबाइल मांडीवर ठेवला आणि पाण्यासाठी ओंजळ पुढे धरली.